इंग्लंडच्या कालव्यांवरील जलपाश : नौकाप्रवासाची रीत आणि बंदकाळातील प्रतीक्षा

पाणी चढावर चढत नाही. त्यामुळे कालव्याला टेकडी ओलांडावयाची असेल, तर त्याचे पात्र पायऱ्यापायऱ्यांनी वर न्यावे लागते आणि नौकेला एका पायरीवरून दुसरीवर नेण्याची सोय करावी लागते. ही सोय म्हणजे जलपाश. बोलण्यात रूढ असलेला शब्द ‘लॉक’. दोन्ही टोकांना दरवाजे असलेली, दगडविटांनी बांधलेली ही एक लांबट, खोल खोली असते. तिच्यात वरच्या बाजूचे पाणी घेतले की नौका वर येते, खालच्या बाजूस पाणी सोडले की खाली उतरते. त्यासाठी पंप किंवा इंजिन लागत नाही. काम पाण्याचे वजनच करते.

मराठी वाचकास जलपाशाची ओळख बहुधा पनामा कालव्यामुळे असते. तेथे महाकाय जहाजे आणि त्यांच्या रांगा यांची चर्चा होते. जलपाश जेथे सामान्य माणसाच्या हातातील वस्तू आहे, असा प्रदेश मात्र इंग्लंड आणि वेल्स हा होय. तेथील कालवे व नदीमार्ग मिळून सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीचे जाळे २०१२ पासून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहे. त्यावर दीड हजारांहून अधिक जलपाश असून परवानाधारक नौकांची संख्या सुमारे ३५,००० आहे. मालवाहतूक आता नाममात्र उरली आहे. सुटीसाठी नौका भाड्याने घेणारी कुटुंबे, निवृत्तीनंतर भटकणारी जोडपी आणि घरभाडे परवडत नाही म्हणून किंवा आवड म्हणून नौकेवरच संसार थाटलेले लोक, अशी येथील वर्दळ. काही मोजकी ठिकाणे सोडली तर दरवाजे ढकलणे आणि झडपा उघडणे ही कामे प्रवाशालाच करावी लागतात. कालवा बंद पडला तर वाट पाहणेही त्याच्याच वाट्याला येते.

सात फुटांचा निर्णय

दोन दरवाजांमध्ये पाणी कोंडून नौका चढविण्याची युक्ती मूळची चीनमधील. महाकालव्यावर वाहतुकीचा अधिकारी असलेल्या च्याओ वेइय्वे याने इसवी सन ९८४ मध्ये असा जलपाश बांधल्याची नोंद आहे. टोकदार कोनात एकमेकांना मिळणाऱ्या आणि पाण्याच्या दाबानेच घट्ट मिटणाऱ्या जोडदरवाजांचे श्रेय पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलान येथे काम करणाऱ्या लिओनार्दो दा विंची याला दिले जाते. आजही इंग्लंडमधील बहुतेक दरवाजे याच तत्त्वावर चालतात.

इंग्लंडमधील कालवेयुगाचा आरंभ १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी काढलेल्या कालव्याने झाला. त्याच्या कामाशी निगडित असलेला जेम्स ब्रिंडली हा फारसे शालेय शिक्षण नसलेला कारागीर पुढे देशातील सर्वांत मागणी असलेला कालवे अभियंता ठरला. १७६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रेंट आणि मर्सी कालव्यासाठी त्याला हेअरकॅसल येथे अडीच किलोमीटरांहून लांब बोगदा खणावयाचा होता. बोगदा जितका रुंद तितका खर्च अधिक. म्हणून नौका सुमारे सात फूट रुंद ठरली आणि तिच्या मापाने जलपाश सुमारे ७२ फूट लांब व सात फूट रुंद, म्हणजे साधारण २२ मीटर बाय सव्वादोन मीटर झाला. एका बोगद्याची ही काटकसर पुढे मध्य इंग्लंडमधील बहुतांश कालव्यांचे माप बनली. पुढील शतकात रेल्वे आली, तेव्हा इतक्या लहान नौकांना तिच्याशी स्पर्धा करता आली नाही. पण त्याच अरुंदपणामुळे आज एखादे जोडपे आपले घर स्वतःच्या हाताने डोंगरावर चढवू शकते, हेही खरे.

सर्वत्र मात्र हेच माप नाही. लीड्स ते लिव्हरपूल हा २०४ किलोमीटर लांबीचा कालवा १८१६ मध्ये पूर्ण झाला. त्यावरील ९१ जलपाश दुप्पट रुंद असले, तरी त्यांतील अनेकांची लांबी कमी आहे. ७२ फुटी नौकेला तो कालवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करता येत नाही. नवी नौका घेणारा जाणकार माणूस म्हणूनच आधी जलपाशांची मापे पाहतो आणि मग स्वयंपाकघराची जागा ठरवितो.

ब्रिटिश अभियंत्यांनी ही विद्या भारतातही आणली. १८५४ मध्ये खुल्या झालेल्या गंगा कालव्यावर प्रोबी कॉटली याने धबधब्यांच्या बाजूने नौकांसाठी जलपाश ठेवले होते. आर्थर कॉटन याने गोदावरीच्या मुखप्रदेशात धवळेश्वरम् येथून काढलेले कालवेही सिंचनाबरोबर नौकानयनासाठी होते. रेल्वेमुळे त्यांचा नौकानयनाचा उपयोग मागे पडला. सध्या राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एकवरील फरक्का येथील जलपाशातून नौका गंगा आणि जोडकालवा यांच्या दरम्यान ये-जा करतात. मुंबई बंदरातील १९१४ ची इंदिरा गोदी, पूर्वीची अलेक्झांड्रा गोदी, हिच्या तोंडाशीही सुमारे २२८ मीटर लांबीचा जलपाश आहे. भरती-ओहोटीची तमा न बाळगता गोदीतील पाणी एका पातळीवर राखणे हे त्याचे काम. तत्त्व एकच असले तरी समुद्राला पाण्याचा तुटवडा नसतो. डोंगरमाथ्यावरील कालव्याला तो कायमचा असतो, आणि बंदकाळाची बरीचशी कहाणी तेथूनच सुरू होते.

दरवाजा, झडप आणि उंबरठा

वर जाणारी नौका रिकाम्या जलपाशात शिरते. मागचे दरवाजे मिटले जातात. काठावर उतरलेला सहप्रवासी काटकोनात वळविलेला लोखंडी दांडा, म्हणजे विंडलास, दातेरी यंत्रणेवर बसवून फिरवितो आणि वरच्या बाजूची झडप उचलतो. पाणी आत उसळते. झडप एकदम पूर्ण उघडली तर नौका पुढेमागे आपटते. म्हणून ती अर्धी उघडून थांबावयाचे आणि मग उरलेली उघडावयाची, अशी रीत आहे. आतील व बाहेरील पाणी समपातळीत आले की दरवाजाच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून तो ढकलावयाचा. पातळीत बोटभर फरक उरला तरी दरवाजा हलत नाही. चार माणसांचे बळही उपयोगी पडत नाही. नवख्यांचा धीर येथे सुटतो. सरावलेले लोक तुळईला टेकून शांतपणे उभे राहतात. एका जलपाशास साधारणपणे दहा ते पंधरा मिनिटे लागतात.

उतरताना धोका अधिक असतो. वरच्या दरवाजाखाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा आत पुढे आलेला असतो. जलपाश भरलेला असताना तो पाण्याखाली दडलेला असतो. पाणी उतरू लागले की उघडा पडतो. नौकेचे मागील टोक त्यावर राहिले, तर ते वर अडकते, पुढील टोक पाण्याबरोबर खाली जात राहते आणि काही मिनिटांत नौका भरून बुडते. यासाठी काठावर पांढरी रेघ ओढून मर्यादा दाखविलेली असते. नौकेचा काही भाग जलपाशात अटकण्याचे इतर प्रकारही तितकेच घातक ठरतात. १९९८ मध्ये यॉर्कशायरमधील गारग्रेव्हजवळ जलपाशात नौका बुडून चौघांचा मृत्यू झाला होता. झडपेजवळ एक माणूस आणि सुकाणूवर एक माणूस यांनी सतत एकमेकांकडे पाहत राहावे आणि शंका येताच झडपा पाडाव्यात, हा नियम अनुभवी लोक अत्यंत गांभीर्याने पाळतात.

जलपाशांची माळ जेथे सलग लागते, तेथे दिवसभराचे काम होते. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेस टार्डेबिग येथे साडेतीन किलोमीटरांच्या अंतरात ३० जलपाश आहेत. ही देशातील सर्वांत मोठी माळ. डिव्हायझिस येथील केन हिलवर २९ जलपाश नौकेला ७२ मीटर उंच नेतात आणि त्यांतील १६ एका सरळ रेषेत, एखाद्या प्रचंड जिन्याप्रमाणे टेकडीवर चढलेले दिसतात. जॉन रेनी याने रचलेला हा जिना १८१० मध्ये खुला झाला. तो पार करण्यास पाच ते सहा तास लागतात. बिंग्ले येथे १७७४ पासून वापरात असलेला पाच जलपाशांचा जिना आणखी निराळा आहे. तेथे एका जलपाशाचा वरचा दरवाजा हाच पुढच्याचा खालचा दरवाजा असतो. क्रम चुकला तर एक खोली कोरडी पडते किंवा दुसरी काठावरून वाहू लागते, त्यामुळे तेथे जलपाशरक्षक नेमलेला असतो आणि त्याचा शब्द अंतिम असतो.

कालव्यावर वेगाची कमाल मर्यादा ताशी साडेसहा किलोमीटरांच्या आसपास आहे. प्रवासाचा अंदाज मैल आणि जलपाश यांची बेरीज करून बांधतात व त्या बेरजेला तीनने भागून तास काढतात. पंधरा मैल आणि पंधरा जलपाश म्हणजे दहा तास. मोटारीने ज्या अंतराला अर्धा तास पुरेल, त्याला येथे उन्हाळ्याचा अख्खा दिवस लागतो.

पाण्याचा हिशेब

सात फुटी जलपाशाचा चढ अडीच मीटर धरला, तर तो एकदा भरण्यास सुमारे १ लाख २० हजार लिटर पाणी लागते. रुंद जलपाशास त्याच्या दुप्पट. हे पाणी वरच्या टप्प्यातून खाली जाते आणि आपोआप परत येत नाही. माळेत दहा जलपाश असले म्हणून दहापट पाणी खर्च होते असे नाही, कारण तोच साठा एका पायरीवरून दुसरीवर उतरत जातो. परंतु डोंगरमाथा ओलांडणारी नौका माथ्यावरील पाण्याचा एक घट चढताना आणि दुसरा उतरताना रिकामा करते. माथ्यावर नद्या मोठ्या नसतात. तेथे पाणी पुरविण्यासाठी मूळ बांधणाऱ्यांनी डोंगरांत जलाशय बांधले. संस्थेकडे आज असे सत्तराहून अधिक जलाशय असून त्यांतील बरेच दोनशे वर्षांच्या आसपासचे आहेत.

समोरून नौका येत असेल, तर जलपाश आपल्यासाठी रिकामा करून घेऊ नये. तिला आधी येऊ द्यावे, म्हणजे तिने वापरलेल्या पाण्यावरच आपले काम होते. रुंद जलपाशात दोन नौकांनी शेजारीशेजारी जावे, सोबतीसाठी थोडे थांबावे. या शिष्टाचाराच्या मुळाशी पाण्याची बचत आहे. काही ठिकाणी खाली गेलेले पाणी पंपाने पुन्हा माथ्यावर चढविले जाते. केन हिलच्या पायथ्याशी १९९६ मध्ये बसविलेले पंप दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी वर पाठवू शकतात. विजेचे बिल हा अर्थात त्यातील दुसरा हिशेब.

हा हिशेब जमत नाही, तेव्हा दरवाजांना कुलपे लागतात. ऑगस्ट २०१० मध्ये लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा विगन ते गारग्रेव्ह हा सुमारे शंभर किलोमीटरांचा भाग जलाशय आटल्याने बंद करावा लागला होता. २०२५ मध्ये इंग्लंडने शंभराहून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडा वसंत ऋतू पाहिला आणि मे महिन्यातच, म्हणजे पर्यटनाचा हंगाम नुकताच सुरू होत असताना, त्याच कालव्याचा मोठा भाग पुन्हा बंद झाला. पेनाइन डोंगररांग ओलांडणारे किंवा तिच्या कुशीतून जाणारे हडर्सफील्ड, रॉचडेल, मॅकल्सफील्ड हे कालवेही त्या वर्षी निर्बंधांतून सुटले नाहीत. प्रथम रात्रीपुरते कुलूप, मग दिवसातील ठरावीक तासांचीच मुभा, मग पूर्ण बंदी, अशा पायऱ्यांनी हे निर्बंध चढत जातात.

कालव्यात पाणी दिसत असताना वाहतूक का रोखली, असा प्रश्न प्रवाशांकडून हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर कालव्याच्या तळाशी आहे. जुन्या कालव्यांचा तळ पाण्यात मळून तुडविलेल्या चिकणमातीने लिंपलेला असतो. ही माती ओली असेतो पाणी धरते. सुकली की भेगाळते आणि पुढे गळू लागते. म्हणून उरलेले पाणी तळ व काठ जपण्यासाठी, तसेच मासे व पाणपक्षी यांच्यासाठी राखून ठेवणे भाग पडते.

जलाशयांचे वयही या हिशेबात धरावे लागते. १ ऑगस्ट २०१९ रोजी डर्बीशायरमधील टॉडब्रुक जलाशयाचा सांडवा अतिवृष्टीत खचला. खालच्या व्हेली ब्रिज गावातून सुमारे दीड हजार लोकांना हलवावे लागले आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने खडीच्या गोणी टाकून धरण सावरले. गाव वाचले, जलाशय मात्र दुरुस्तीसाठी रिकामा करावा लागला आणि पीक फॉरेस्ट व मॅकल्सफील्ड या कालव्यांचा एक प्रमुख आधार वर्षानुवर्षे तुटला. अतिपावसाच्या एका आठवड्याने पुढील कोरड्या उन्हाळ्यांतील बंदीची पायाभरणी केली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

हिवाळी दुरुस्ती आणि अवचित खिंडारे

सर्वच बंदी अचानक येत नाही. नोव्हेंबर ते मार्च हा नियोजित दुरुस्तीचा काळ. त्याचे वेळापत्रक आधी प्रसिद्ध होते, नौकाधारकांच्या सूचना मागविल्या जातात आणि त्यानुसार लोक हिवाळ्यात कोठे असावे हे ठरवितात. जलपाशाच्या दोन्ही बाजूंना भिंतींतील उभ्या खाचांत लाकडी फळ्या एकावर एक बसवून बांध घालतात, माशांना जाळ्यांनी पकडून दुसरीकडे सोडतात आणि मग आतील पाणी उपसतात. ओक लाकडाचे दरवाजे बदलणे हे यातील मुख्य काम. ब्रॅडली आणि स्टॅन्ली फेरी येथील संस्थेच्या कार्यशाळांत ते तयार होतात. प्रत्येक जलपाशाची मापे थोडीफार वेगळी असल्याने एका जागेचा दरवाजा दुसरीकडे चालत नाही. पाव शतकाच्या आसपास टिकणारा हा दरवाजा क्रेनने अलगद खाली सोडला जातो, तेव्हा काठावर पाहणाऱ्यांची गर्दी जमते. काही ठिकाणी तर कोरड्या जलपाशाच्या तळाशी उतरून दीड-दोन शतकांपूर्वीची दगडी घडाई पाहण्याची संधी लोकांना मुद्दाम दिली जाते.

खिंडार पडणे ही मात्र निराळी आपत्ती. मार्च २०१८ मध्ये मिडलविच शाखा कालव्याचा काठ फुटला आणि पाणी खालच्या नदीत गेले. जलपाशाच्या झडपा उघड्या राहिल्यामुळे पाणी काठावरून वाहू लागले व काठ खचला, असे संस्थेने सांगितले. वीसहून अधिक नौका त्या टप्प्यात अडकल्या. दुरुस्तीस सुमारे ३० लाख पौंड खर्च आला आणि मार्ग खुला होण्यास डिसेंबर उजाडला. विंडलास हाती घेणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी सर्व झडपा खाली आहेत ना हे पुन्हा पाहण्यास सांगितले जाते, ते याच कारणाने. १ जानेवारी २०२५ रोजी मँचेस्टरच्या दक्षिणेस ब्रिजवॉटर कालव्याचा उंच भराव मुसळधार पावसात खचला. हा कालवा खासगी मालकीचा आहे. तो तुटल्याने चेशायरमधून गोल फिरून येणारा लोकप्रिय नौकामार्गही खंडित झाला.

दुर्लक्षानेही कालवे बंद पडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्मिंगहॅमजवळील लिफर्ड लेन येथे रेल्वे कंपनीच्या ताब्यातील कालव्यावर उचलता येणारा पूल कायमचा खाली बसविण्यात आला होता. नौकानयनाचा हक्क कायद्याने अबाधित होता. त्याचा आधार घेऊन लेखक टॉम रोल्ट यांनी आपण तेथून जाणार असल्याची सूचना दिली आणि मे १९४७ मध्ये कंपनीला पूल उचलून धरावा लागला. रोल्ट व रॉबर्ट एकमन यांनी आदल्या वर्षी स्थापन केलेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने पुढे बुजत चाललेले अनेक कालवे वाचविले. केन हिलचा जिनाही असाच अनेक वर्षे कुजत पडला होता. स्वयंसेवकांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो मार्ग पुन्हा खुला झाला.

गोठलेला हिवाळा

बंदकाळाने मालवाहू नौकांच्या जगावरच पडदा पाडल्याचे उदाहरण १९६२-६३ च्या हिवाळ्याचे आहे. नाताळच्या सुमारास पडलेली थंडी मार्चपर्यंत हटली नाही. पूर्वी अशा वेळी बर्फ फोडणारी खास नौका निघत असे. मधोमध बसविलेल्या दांड्याला धरून माणसांची ओळ तिला डावीउजवीकडे हेलकावे देई आणि घोडे किंवा इंजिन तिला पुढे ओढी. त्या वर्षी बर्फ त्याला बधला नाही. कोळसा भरलेल्या नौका जेथे होत्या तेथेच आठवडेच्या आठवडे रुतून राहिल्या. मागील बाजूच्या जेमतेम तीन मीटरांच्या खोलीत राहणाऱ्या नाविक कुटुंबांची कमाई खेपेवर अवलंबून असे. नौका हलली नाही तर हाती पैसा येत नसे. कारखान्यांनी दरम्यान माल रस्त्याने मागविण्यास सुरुवात केली आणि बर्फ वितळल्यानंतर त्यातील बराचसा व्यवसाय परत आला नाही. १९६३ मध्येच सरकारी जलमार्ग मंडळाने आपल्या अरुंद नौकांद्वारे होणारी बहुतेक मालवाहतूक आवरती घेतली. ऱ्हास आधीपासून सुरू होता, ही गोष्ट खरी. पण ज्यांनी तो हिवाळा नौकेवर काढला, त्यांचा धंदा संपला तो त्या बर्फात.

अडकलेली नौका

आज नौकेवर राहणाऱ्यांपुढील अडचण वेगळी आहे. ज्यांच्याकडे नौका बांधून ठेवण्याची कायमची जागा नाही, त्यांना १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार सतत प्रवास करीत राहावे लागते. एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक काळ थांबता येत नाही. परिस्थितीनुसार वाजवी ठरेल इतका जास्त काळ थांबण्याची सवलत त्याच कलमात आहे, आणि पुढचा जलपाश बंद असणे हे वाजवी कारण म्हणून मान्य होते. त्यासाठी नौकाधारकाने संस्थेला कळविणे आवश्यक असते.

कायद्याचा प्रश्न असा सुटतो; टाकीचा सुटत नाही. नौकेवरील पिण्याच्या पाण्याची टाकी काही दिवसांत किंवा फार तर दोन-तीन आठवड्यांत रिकामी होते. नळ, मैला रिकामा करण्याची जागा, डिझेल, शेगडीसाठी कोळसा या गोष्टी ठरावीक ठिकाणीच मिळतात. बंद जलपाश आणि नळ यांच्यामध्ये नौका सापडली, तर माणसाला कॅन घेऊन काठाने चालत जावे लागते. म्हातारपण, आजारपण, शाळेत जाणारी मुले यांची भर पडली की ही पायपीट गमतीची राहत नाही. पाणी आणखी उतरले, तर नौका चिखलात टेकून एका अंगावर कलते. दोर फार ताणून बांधलेले असतील तर उलटण्याचा धोका असतो. म्हणून पाणीपातळी अस्थिर असताना दोर सैल ठेवणे आणि रात्री एकदा उठून पाहणे हे अंगवळणी पडलेले असते. सुटीवर आलेल्या प्रवाशाचा आठवडा वाया जातो व नौका भाड्याने देणाऱ्याला मार्ग बदलून द्यावा लागतो किंवा पैसे परत करावे लागतात. ते नुकसानही लहान नाही. पण घर चिखलात टेकलेल्या माणसाला परतावा मागण्याची सोय नसते.

अशा लोकांच्या रोषाचा रोख बहुतेकदा संस्थेकडे असतो. वार्षिक परवान्याचे शुल्क वाढत आहे. कायमची जागा नसलेल्या नौकांवर एप्रिल २०२४ पासून अधिभारही लागू झाला आहे. शुल्क चालूच आणि मार्ग बंद, ही तक्रार रास्त वाटते. दुसरी बाजूही पाहावी लागते. संस्थेला सरकारकडून वर्षाला सुमारे ५ कोटी २६ लाख पौंडांचे अनुदान मिळते. २०२७ पासून ते दरवर्षी पाच टक्क्यांनी कमी होणार असल्याचे सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर केले. दहा वर्षांत मिळून ४० कोटी पौंड दिले जातील, हा सरकारचा दावा. महागाई धरता ३० कोटी पौंडांहून अधिक तूट पडेल, हा संस्थेचा. अडीच शतकांपूर्वीचे भराव आणि दोन शतकांपूर्वीची धरणे लोखंड-काँक्रीटच्या जोरावर नव्या हवामानासाठी सज्ज करावयाची तर पैसा लागणार, आणि तो न मिळाल्यास नियोजित बंदीची जागा अवचित बंदी घेणार, याविषयी दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो पैसा कोणी द्यावयाचा यावर. नौकाधारक हे कालव्याच्या उपभोक्त्यांतील अल्पसंख्य आहेत. काठावरून चालणारे, सायकलवाले, गळ टाकून बसणारे यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट असून त्यांना शुल्क नाही किंवा नाममात्र आहे.

बंदी उठते तीही सावकाश. काम संपल्यावर अगदी वरची फळी थोडी उचलून पाणी आत येऊ देतात. घाईने सोडलेला लोंढा सुकलेली माती उचलून नेतो. रिकामा टप्पा भरण्यास त्याच्या लांबीनुसार काही तासांपासून कित्येक दिवस लागतात. या काळात काठाने चालत जाऊन कोठे ओल दिसते का, शेतात पाणी पाझरते का, हे कर्मचारी तपासतात. त्यानंतर फळ्या निघतात, कुलूप निघते आणि दोन्ही बाजूंना साचलेल्या नौका आळीपाळीने, एक वर आणि एक खाली, सुटू लागतात. रांगेत पहिली असलेली नौका नेहमीच पहिली जाते असे नाही. जलपाश खालच्या पातळीवर असेल तर खालच्या बाजूची नौका आधी आत घेतली जाते, कारण त्यामुळे एक घट पाणी वाचते.